बंद मीटरची नोंदवही

सदतीस वर्षं मी या शहराचे मीटर वाचले,
रावपुऱ्यापासून फतेगंजपर्यंत.
माणसं आकड्यांनीच ओळखली.
आता सलाटवाड्यात मागच्या भिंतीवर
एकच मीटर उरलाय, तोही तोडलेला,
गंजक्या पत्र्याच्या पेटीत.
तिथे खार राहते.

जुन्या रीडिंगच्या वहीत लिहितो:
सकाळी सहा पस्तीस, बाहेर.
आधी नाक, मग मिशा, मग बराच वेळ काहीच नाही.
मग सगळी एकदम.
डोकं खाली, शेपूट वर,
मागचे पंजे घोट्यातून उलटे वळवून
भिंत उतरते, जशी भिंत आडवीच पडली आहे.
असा एखादा लाइनमन आमच्याकडे असता
तर शिड्या विकून टाकल्या असत्या.

खाणं: लिंबोळ्या,
जयवंतीबेन चिमण्यांना टाकतात ती बाजरी,
रविवारी शेव-उसळीतली शेव, उसळ नाही.
दोन्ही हातांत धरून, फिरवत फिरवत.
दात जन्मभर वाढतात म्हणे तिचे,
कुरतडलं नाही तर तोंडातच अडायचे.
म्हणून माझी चप्पल, वाळत घालायची दोरी,
आणि एकदा गल्लीची इंटरनेटची केबल.
तीन दिवस पोरं सैरभैर.
तक्रार मीच नोंदवली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: अज्ञात.

दुपारी, बेचाळीस डिग्रीला,
फांदीवर पोट टेकून चारी पाय सोडून पडते,
पिळून टाकलेल्या फडक्यासारखी.
नात सोयरा तेव्हा पट्टे मोजते.
"आजोबा, रामाने तीन बोटं फिरवली ना?
हिला तर पाच आहेत."
मीही मोजले. पाचच.
म्हटलं, फेरतपासणीला टाकू.

शत्रूंचं पान वेगळं.
शिक्रा: वायरवर, अर्धा अर्धा तास हालत नाही.
धामण: उन्हाळ्याच्या शेवटी, नळाच्या कट्ट्याकडून.
भारद्वाज: दिसला की आई हात जोडायची.
तो पेटीत वाकून पिल्लं शोधतो.
बोका: घोरपड्यांचा. पोटभर जेवून येतो. तरी येतो.
ती ओरडते, चिर्रिक, चिर्रिक,
दर ओरडीला शेपटीचा एक झटका.
वरून येणाऱ्यासाठी एक आवाज, खालून येणाऱ्यासाठी दुसरा.
मला फरक कळायचा नाही. कावळ्यांना कळतो.

उतरायण झालं आणि तिने घर भरायला घेतलं:
उशीतला कापूस, काथ्या, सोयराच्या टोपीचा गोंडा,
आणि कडुलिंबात अडकलेला मांजा,
गुलाबी, गेंडीगेटवरून मीच आणलेला.
तोंडात गुंडाळी करून नेत होती.
मी हसलो. म्हटलं, बाई फिरकी भरतेय.

मार्चात पेटी उघडली.
दोन पिल्लं. डोळे मिटलेले, पट्टे मात्र उमटलेले.
एकाचा मागचा पाय गुलाबी फेऱ्यांत,
वाटाण्याएवढा सुजलेला.
चष्मा, नेलकटर, श्वास धरून
एकेक फेरा तोडला.
ती वरून ओरडत होती,
बोक्यासाठी ओरडते तशी.
त्या दिवशी कळला मला
खालून येणाऱ्यासाठीचा आवाज.

दिवेलागणीला एकेकाला तोंडात धरून घेऊन गेली.
लंगडं आधी नेलं की नंतर,
त्या उजेडात दिसलं नाही.

शत्रूंच्या पानावर पाचवी ओळ घालायची होती.
मांजा लिहिलं. खोडलं.
तिथे ग्राहक क्रमांक लिहिला,
आमच्या घराचा.

एप्रिलभर पेटी रिकामी.
शिक्रा येतो. मी टाळी वाजवत नाही,
त्याचंही निलगिरीवर काहीतरी चिवचिवतंय.

आज सहा चाळीसला
कुणीतरी भिंत उतरलं,
मागचा डावा पाय जरा उशिरा.
पट्टे मोजायच्या आत
वर.